झिजेची वर्दी

काही मोटारगाड्यांत किल्ली फिरवताच चालकासमोर जे दहा-पंधरा लहान दिवे क्षणभर उजळून विझतात, त्यांत एक पिवळा दिवा असा असतो, की ज्याच्या आकृतीकडे निरखून पाहण्याचे कष्ट गाडीचा मालक सहसा घेत नाही. मध्ये एक वर्तुळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना तुटक रेघांचे दोन कंस, एवढीच ती आकृती. वर्तुळ म्हणजे चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा भाग, आणि ते तुटक कंस म्हणजे त्याला दाबून धरणारे व धरता धरता दिवसेंदिवस झिजत जाणारे अस्तर, ज्याला आपल्याकडील गॅरेजांत लायनर किंवा पॅड म्हणतात. अस्तर संपत आले की हा दिवा लागतो आणि ते बदलेपर्यंत लागलेलाच राहतो. वर्दी देणे, एवढीच त्याची चाकरी. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत, या चाकराने आपले काम इमानाने बजावले असताही, केवळ एक आकडा बदलून त्याला कायमचे बरतरफ करण्याची सोय झाली आहे : संगणकाची तार गाडीतील खोबणीत बसवावी, योग्य त्या यंत्राची कचेरी उघडावी, जुना आकडा खोडून नवा लिहावा, आणि दिवा गप्प. या व्यवहाराला ‘कोडिंग’ असे नाव पडले आहे. त्याची निंदा करणारे पुष्कळ आहेत, कृती सांगणारे त्याहूनही पुष्कळ. परंतु झिजेची वर्दी आणणारा हा हरकारा मुळात आला कोठून आणि त्याला घरी बसवण्याची सनद धन्याला दिली कोणी, याची चौकशी मी करू लागलो तेव्हा, काहीसे अनपेक्षितपणे, मला प्रथम भेटला तो चांभार.

१८८८ च्या ऑगस्ट महिन्यात बेर्टा बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेल्या तीन चाकी मोटारगाडीतून मानहाइमहून आपल्या माहेरी फोर्ट्सहाइमला निघाली. शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक असे ते अंतर; मोटारगाडीचा पहिला दूरचा प्रवास म्हणून तो ग्रंथांत नोंदला गेला आहे, आणि त्यात औषधांच्या दुकानातून घेतलेल्या इंधनाची गोष्ट सर्वजण सांगतात. माझ्या विषयाला उपयोगी पडणारी गोष्ट मात्र निराळी आहे. त्या गाडीचे ब्रेक म्हणजे मागील चाकांवर दाबले जाणारे लाकडाचे ठोकळे होते; डोंगराळ मुलखातील उतारांवर ते घासून निकामी होऊ लागले, तेव्हा या बाईने वाटेत एका चांभाराला गाठून त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले, असे सांगतात. ब्रेकला अस्तर लावण्याची कल्पना मोटारीच्या इतिहासात येते ती येथे. लक्षात घेण्याजोगे हे, की ठोकळे झिजल्याचे तिला कोणत्याही दिव्याने कळवले नव्हते. ते तिला हाताच्या दांडीवर कळले, कानांना कळले, आणि गाडी थांबावयास हवी तेथे ती थांबत नाही या वस्तुस्थितीतून कळले. आणि हे सर्व कळण्याइतके तिचे लक्ष गाडीकडे होते, कारण त्या यंत्रावर विसंबून निश्चिंत बसण्याची चैन अद्याप जन्माला आलेली नव्हती.

दुसरी गोष्ट इंग्लंडातील डार्बीशायर परगण्यातली. तेथील पीक डिस्ट्रिक्ट हा डोंगर-उतारांचा प्रदेश; शेतकऱ्यांच्या घोडागाड्या माल भरून उतार उतरू लागल्या, की लाकडी ठोकळा चाकाच्या लोखंडी धावेवर घसरत जाई, म्हणून ते लोक त्या ठोकळ्यावर जुन्या बुटांचे तळ बसवीत. हर्बर्ट फ्रूड नावाच्या एका गृहस्थाने हे पाहिले. पाहणारे शेकडो होते. परंतु जुन्या बुटापेक्षा बरे काहीतरी मुद्दाम बनवून विकता येईल हे त्यालाच सुचले, आणि १८९७ पासून त्याने डांबरात मुरवलेल्या विणलेल्या पट्ट्यांची अस्तरे बनवण्यास आरंभ केला. पुढे चॅपल-एन-ल-फ्रिथ या गावी त्याचा कारखाना उभा राहिला. मालाला नाव देताना त्याने आपल्या आडनावातील अक्षरे उलटीसुलटी करून त्यांत बायकोच्या एलिझाबेथ या नावाचे आद्याक्षर मिसळले आणि ‘फेरोडो’ हा शब्द तयार केला. ब्रेकच्या अस्तराला बायकोचे नाव देणाऱ्या पुरुषाच्या मनात काय असेल याविषयी मी तर्क करू इच्छीत नाही. इंग्रजीत ब्रेकच्या त्या भागाला ‘शू’, म्हणजे जोडा, म्हणतात, आणि आपले मिस्त्रीही ‘ब्रेकशू’ असेच म्हणतात. तो शब्द या दोन गोष्टींतून आला असे माझे म्हणणे नाही, परंतु ब्रेकच्या इतिहासाच्या दारात दोन्ही वेळा पादत्राण पडलेले दिसावे, हा योगायोग मोठा अन्वर्थक वाटतो. जोडा झिजल्याची वर्दी कोणी द्यावी लागत नाही. ज्याचा पाय त्याला ती आपोआप मिळते.

पण कापूस आणि डांबर फार उष्णता सोशीत नाहीत. मोटारी जड झाल्या, वेग वाढला, आणि १९०८ पासून फ्रूडने अस्तरात ॲस्बेस्टॉसचे तंतू वापरावयास सुरुवात केली. हे खनिज जळत नाही, विणता येते, स्वस्त मिळते. त्या काळी याहून अधिक गुण कोणत्याही पदार्थाकडे मागण्याचे कारण नव्हते. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जगातील बहुतेक मोटारी ॲस्बेस्टॉसवर थांबल्या. आपल्याकडे मुंबईत घाटकोपरला ‘हिंदुस्थान फेरोडो’ या नावाने याच मालाचा कारखाना चालला, आणि डार्बीशायरच्या त्या शेतकऱ्याच्या बुटाचा वंश अशा रीतीने आग्रा रोडपर्यंत येऊन पोचला. या वैभवाची दुसरी बाजू फार आधीच उघडी पडली होती. १९२४ साली लँकेशायरमधील रॉचडेल येथे नेली केर्शॉ ही तेहतीस वर्षांची कामगार स्त्री फुप्फुसात ॲस्बेस्टॉसचे तंतू रुतून मरण पावली. डॉक्टर विल्यम कुक यांनी तिच्या मृत्यूची कारणमीमांसा ब्रिटिश वैद्यकाच्या नियतकालिकात त्याच वर्षी छापली. १९३० साली मेरेवेदर व प्राइस यांचा सरकारी अहवाल झाला आणि त्यावर १९३१ चे नियम आले. तरीही ब्रिटनमध्ये या पदार्थाची पुरती बंदी व्हावयास १९९९ साल उजाडावे लागले. वर्दी मिळणे आणि वर्दीची दखल घेतली जाणे या दोहोंत सत्तर-पंचाहत्तर वर्षांचे अंतर पडू शकते, हे ज्याने एकदा पाहिले, त्याला पिवळा दिवा विझवणाऱ्या मालकाचा फारसा अचंबा वाटेनासा होतो.

असो. डब्याच्या, म्हणजे ड्रमच्या, ब्रेकच्या काळात अस्तर जोड्यावर पितळी किंवा तांब्याच्या रिबिटांनी ठोकलेले असे, आणि झीज जेव्हा रिबिटांच्या डोक्यांपर्यंत पोचे, तेव्हा धातूवर धातू घासून असा काही खरखराट होई, की बहिऱ्या मालकालाही गाडी गॅरेजात न्यावी लागे. अर्थात तोवर डब्याच्या आतल्या पृष्ठावर खोल चऱ्या पडून दुरुस्तीचा खर्च दुप्पट झालेला असे. म्हणजे वर्दी होती, पण ती नुकसान झाल्यानंतरची होती, आग विझल्यावर पोचलेल्या बंबासारखी. ज्यांना गाडीची जाण होती ते त्यापूर्वीच सावध होत. पायाखाली पेडल किती खोल जाते यावरून, उतारावर येणाऱ्या एका विशिष्ट कढत वासावरून, आणि दर काही महिन्यांनी चाक काढून आत डोकावण्याच्या शिस्तीवरून. घाट उतरून आलेल्या ट्रकच्या चाकाजवळ नाक नेऊन ब्रेकची तब्येत सांगणारे क्लीनर आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले असतील. ही विद्या कोठे लिहिलेली नव्हती आणि तिची परीक्षाही कोणी घेत नव्हते. ती गुरूकडून शिष्याकडे शिव्यांच्या माध्यमातून जात असे.

तबकडीच्या, म्हणजे डिस्कच्या, ब्रेकने या सर्व व्यवस्थेत बदल केला. फ्रेडरिक लँचेस्टरने त्याचे पेटंट १९०२ सालीच घेतले होते, पण त्याला प्रतिष्ठा मिळाली ती १९५३ साली, जेव्हा डनलॉपचे तबकडी-ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. दोन वर्षांनी सित्रोएनने आपल्या डीएस गाडीच्या पुढील चाकांना असेच ब्रेक दिले, आणि मग ते सर्वत्र पसरले. तबकडी उघड्यावर असते, म्हणून तिच्यावरचे पॅड डोळ्यांना दिसू शकते. पण ते डब्यातील अस्तरापेक्षा लवकर झिजते, आणि झिजले तरी पेडल पूर्वीसारखे खोल जात नाही, कारण पिस्टन आपणहून पुढे सरकून झीज भरून काढीत असतो. पायाची साक्ष अशा रीतीने रद्दबातल झाली. तिची उणीव भरून काढण्यासाठी कारखानदारांनी दोन उपाय योजले. एक स्वस्तातला : पॅडच्या पाठीवर पोलादी पातीची एक लहान जीभ बसवावयाची, जी पॅड दोन-तीन मिलिमीटर उरले की फिरत्या तबकडीला टेकते आणि कर्कश किंचाळते. दुसरा विजेचा : पॅडच्या अंगात ठराविक खोलीवर एक बारीक तार पुरून ठेवावयाची, म्हणजे झीज तेथपर्यंत पोचली की दिवा लागेल.

ही तार पुरण्याच्या दोन परंपरा आहेत, आणि त्यांतील भेद वाटतो तितका क्षुल्लक नाही. एका परंपरेत, जी मर्सिडीजच्या गाड्यांत दीर्घकाळ चालत आली, तारेचे टोक उघडे पडून तबकडीला स्पर्श करते आणि त्या स्पर्शाने मंडल पूर्ण होऊन दिवा पेटतो. म्हणजे संकट आले की हरकारा बोलतो. दुसऱ्या परंपरेत, जी बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन यांनी स्वीकारली, तारेचा वेढा अखंड असतो, त्यातून विजेचा मंद प्रवाह सदैव वाहत असतो, आणि झिजेने वेढा तुटला की प्रवाह खंडित होऊन दिवा लागतो. येथे हरकारा अखंड ‘सर्व क्षेम’ म्हणत राहतो आणि त्याचे मौन हेच संकट मानले जाते. पहिल्या परंपरेत तार मध्येच तुटली तर कोणाला कधीच कळणार नाही. दुसरीत तार तुटली, उंदराने कुरतडली, मिस्त्रीने जोडावयाची विसरली, तरी दिवा लागतोच. मौनाला धोका समजण्याचे हे शहाणपण मोटारवाल्यांचे नव्हे; ते आगगाडीचे आहे. १८७२ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया संस्थानात विल्यम रॉबिन्सनने रुळांतून अखंड वीज खेळवून असा सिग्नल केला, की गाडी आली किंवा रूळ मोडला तर प्रवाह तुटून सिग्नल आपोआप धोक्याचा व्हावा. आणि त्याच सुमारास त्याच संस्थानातील पिट्सबर्गच्या जॉर्ज वेस्टिंगहाउसने आपला वायु-ब्रेक असा सुधारला, की नळी फुटून हवा निघून गेली तर ब्रेक सुटण्याऐवजी लागावा. यंत्रशास्त्रातील इतकी नैतिक कल्पना माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

पण नेमक्या या शहाणपणातूनच पुढचा तंटा निघाला. वेढ्याची तार असलेल्या गाडीला, स्वस्ताईसाठी किंवा मूळ माल मिळत नाही म्हणून, बिनतारेचे पॅड बसवले, तर पॅड कोरे करकरीत असूनही दिवा लागतो तो विझत नाही. कारण त्याच्या दृष्टीने हरकारा मौन आहे. जुने मिस्त्री यावर एक सरळ तोडगा करीत : मोकळी सुटलेली दोन्ही टोके एकमेकांना पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून, वेढा बाहेरच्या बाहेर पुरा करावयाचा. म्हणजे हरकारा मेला तरी त्याचे ‘सर्व क्षेम’ चालूच. दुसऱ्या परंपरेच्या शहाणपणाचा हा पूर्ण पराभव होय. आणि तो चिकटपट्टीच्या चार बोटांच्या तुकड्याने होत असे.

आता त्या दिव्याच्या घराण्याविषयी थोडे. १९३० च्या दशकात अमेरिकेतील हडसन कंपनीने आपल्या गाड्यांतील तेलाच्या दाबाचे व विजेच्या भरणाचे काटे काढून टाकून त्यांच्या जागी दिवे बसवले. काटा वाचावा लागतो. दिवा नुसता दिसतो. अमेरिकन लोकांनी त्यांचे ‘मूर्खांचे दिवे’ असे बारसे केले. त्या नावात गाडी जाणणाऱ्यांची तुच्छता आहे, पण त्याबरोबरच एक बारीक निरीक्षणही आहे : काटा परिस्थितीचा तपशील मालकापुढे ठेवून निर्णय त्याच्यावर सोपवतो, तर दिवा निर्णय आधीच घेऊन फक्त ताकीद पाठवतो. ज्याला ताकीदच मिळत गेली, त्याला तपशील वाचण्याची सवय राहत नाही, आणि मग ताकीद नकोशी झाली की ती बंद करण्यापलीकडे त्याच्या हाती दुसरे काही उरत नाही.

कायद्याने मात्र हा दिवा कधीही सक्तीचा केला नव्हता, आणि ही गोष्ट दोन्ही पक्ष विसरतात. युरोपात प्रवासी गाड्यांच्या ब्रेकांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतील जो १३-एच क्रमांकाचा नियम आहे, आणि अमेरिकेत त्याच धर्तीचा जो १३५ क्रमांकाचा मानदंड आहे, त्या दोहोंचा जाबता एवढाच : अस्तराची झीज बाहेरून किंवा खालून डोळ्यांनी तपासता आली पाहिजे, अथवा, त्याऐवजी, चालकाला आवाजाने किंवा दिव्याने इशारा मिळाला पाहिजे. डोळा किंवा दिवा. म्हणजे दिवा हा डोळ्याचा मुतालिक आहे, आणि मूळ अधिकारी जागेवर हजर असेल तर मुतालिकाची नेमणूक करणे न करणे कारखान्याच्या मर्जीवर आहे. म्हणूनच एकाच कारखान्यातून, एकाच आराखड्याच्या, काही गाड्या तार असलेल्या आणि काही तार नसलेल्या अशा बाहेर पडत.

येथेच त्या आकड्याचे रहस्य आहे. चालकासमोरच्या काट्या-दिव्यांचा संच एकच बनवावा, तो सर्व गाड्यांना बसावा, आणि कोणत्या गाडीत काय आहे व काय नाही ते शेवटी एका आकड्याने त्याला सांगावे, ही कारखान्याची काटकसर. फोक्सवॅगन घराण्याच्या विसाव्या शतकाच्या अखेरीच्या गाड्यांत, ज्यांत आपल्याकडे तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्रा येथे २००१ पासून जुळवली जाऊ लागलेली पहिली स्कोडा ऑक्टेव्हिया येते, या संचाला १७ हा पत्ता दिलेला असे, आणि त्याच्या पाच अंकी आकड्यातील पहिले दोन अंक ठरवीत की कोणकोणते हरकारे नोकरीवर आहेत : ०१ म्हणजे ब्रेकच्या झिजेचा, ०२ म्हणजे सीटबेल्टचा, ०४ म्हणजे काच धुण्याच्या पाण्याचा. तिन्ही असतील तर बेरीज ०७. त्यातून एक वजा केला, ०७ चे ०६ केले, की झिजेचा हरकारा नव्हताच असे संच मानू लागतो. नंतरच्या गाड्यांत या पाच अंकांची जागा अक्षरे-अंकांच्या लांबलचक माळेने घेतली, पण तत्त्व तेच राहिले. दिवा बंद करण्याची ही कळ मालकाने चोरून बसवलेली नव्हती; कारखान्याने आपल्या सोयीसाठी ती केली होती, आणि मालकाला ती पुढे सापडली.

सापडली ती एका खोबणीतून, आणि त्या खोबणीची कथा धुराची आहे. लॉस एंजेलिसच्या आकाशातील काजळीने त्रासलेल्या कॅलिफोर्निया संस्थानाच्या वायुमंडळाने १९८८ च्या गाड्यांपासून असा दंडक घातला, की धूर आवरणारी यंत्रणा बिघडली तर ते गाडीने स्वतःच ओळखून नोंदवले पाहिजे. १९९६ च्या गाड्यांपासून हा दंडक सुधारलेल्या रूपात साऱ्या अमेरिकेला लागू झाला, आणि त्याबरोबर चालकाच्या गुडघ्यांच्या आसपास सोळा खिळ्यांची एकसारखी खोबण प्रत्येक गाडीत आली. युरोपने पेट्रोलच्या गाड्यांसाठी २००१ पासून तेच केले. भारतात भारत स्टेज चारच्या नियमांबरोबर २०१० व २०१३ अशा दोन टप्प्यांत ते आले. खोबण सार्वजनिक हवेच्या रक्षणासाठी होती. परंतु कारखान्यांनी आपल्या खाजगी कचेऱ्यांचे दरवाजेही त्याच ओसरीत उघडले, कारण बॉशने १९८६ साली डेट्रॉइटला जाहीर केलेल्या ‘कॅन’ या तारेच्या जाळ्याने एव्हाना गाडीतील सर्व यंत्रे एकमेकांशी बोलू लागली होती. मग जी वस्तू अधिकृत कार्यशाळेच्या महागड्या यंत्राविना अशक्य होती, ती घरच्या संगणकाने करून देणारी साधने निघाली. फोक्सवॅगनच्या गाड्यांसाठी सर्वांत नावाजलेले साधन रॉस-टेक या लहानशा कंपनीने केले, आणि ती कंपनी पुन्हा त्या पेनसिल्व्हेनिया संस्थानातीलच. रॉबिन्सनने जेथे मौनाला बोलके केले, तेथेच बोलक्याला मौन शिकवण्याचे अवजार घडावे, याला काय म्हणावे?

माझ्या परिचयातील एका गृहस्थाने आपल्या जर्मन बनावटीच्या गाडीला बिनतारेचे पॅड बसवून घेतले आणि चार दिवस तो पिवळा दिवा सोसून पाचव्या दिवशी गॅरेजातील एका विशीतल्या पोराकडून तो ‘काढून’ घेतला. पोराने मोबाइल बाहेर काढला, खोबणीत अंगठ्याएवढा एक ठोकळा अडकवला, चहा थंड होण्याच्या आत काम उरकले आणि म्हणाला, “काका, आता कधीच लागणार नाही.” हे वाक्य तो आनंदाची बातमी म्हणून सांगत होता. मी त्या गृहस्थाला विचारले, की आता पॅड संपत आल्याचे तुम्हांस कसे कळणार? ते म्हणाले, हा मुलगा आहे ना. मुलगा तोवर दुसऱ्या गाडीखाली गेला होता. माझ्या मते दिवा बरतरफ करण्यात अपराध नाही. मुतालिकाला रजा देऊन मूळ अधिकाऱ्याने, म्हणजे डोळ्याने, दर पाच-सात हजार किलोमीटरला चाकाच्या आऱ्यांतून वाकून पॅड पाहिले, तर कायद्याच्या दृष्टीने आणि शहाणपणाच्या दृष्टीनेही सर्व यथास्थित आहे. अपराध असेल तर तो कारभाराची सूत्रे कोणीच हाती न घेता मुतालिकाला घालवण्यात आहे.

चाकराच्या कटकटीला कंटाळून धन्याने त्याला घालवल्याचे सर्वांत ठळक उदाहरण ब्रेकचे नसून सीटबेल्टचे आहे, म्हणजे त्या ०२ आकड्याच्या शेजाऱ्याचे. १९७४ च्या गाड्यांना अमेरिकन शासनाने अशी सक्ती केली, की पुढे बसलेल्यांनी पट्टे बांधल्याखेरीज इंजिन सुरूच होऊ नये. यंत्राला माणूस आणि भाजीची पिशवी यांतील फरक कळेना. शेजारच्या आसनावर सामान ठेवले तरी गाडी रुसून बसे. लोकांनी तारा तोडल्या, पट्टे कायमचे अडकवून त्यांवर बसू लागले, आणि प्रतिनिधींवर पत्रांचा वर्षाव केला. परिणाम असा, की त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अध्यक्ष फोर्ड यांच्या सहीने झालेल्या कायद्याने ती सक्ती तर मोडीत काढलीच, पण पट्ट्याची आठवण देणारा भोंगा आठ सेकंदांहून अधिक वाजवण्याची सक्तीही शासनाने करू नये, असे बंधन घातले. इशारा किती वेळ बोलावा हे एका मोठ्या राष्ट्राच्या विधिमंडळाने घड्याळ लावून ठरवण्याचा हा प्रसंग मला फार मनोरंजक वाटतो. आपल्याकडे वळण उलट पडले : बक्कलात नुसती धातूची जीभ अडकवून भोंगा फसवण्याच्या क्लिपा उघड विकल्या जात होत्या, त्यांवर २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन बाजारपेठांना आदेश देऊन त्या विक्रीतून काढावयास लावल्या. लोकांच्या कंटाळ्यापुढे तेथे कायदा नमला, येथे कंटाळा विकण्यास बंदी झाली.

२०१५ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेत एक वाद चालला होता, की आपल्याच गाडीतील संगणकाची आज्ञावली उघडून दुरुस्ती वा फेरफार करण्याची मुभा मालकाला असावी की नाही. कारखानदार नको म्हणत होते, आणि जुलै महिन्यात तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेनेही लेखी हरकत घेतली, की अशी मुभा दिली तर मालक धुराच्या नियंत्रणात ढवळाढवळ करतील. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १८ सप्टेंबरला, त्याच संस्थेने फोक्सवॅगनवर आरोपपत्र बजावले : कारखान्याने स्वतःच आपल्या डिझेल गाड्यांत अशी आज्ञावली भरली होती, की तपासणी चालू असता धूर आवरावा आणि एरवी सोडावा. ऑक्टोबरच्या अखेरीस मालकांना मुभा मिळाली. इशारा खोटा पाडण्याच्या कलेत मालक हा कारखान्याचा शिष्य ठरतो, आणि तोही मंदबुद्धीचा. कारण त्याने फार तर एक पिवळा दिवा विझवला होता.

बीएमडब्ल्यूने एव्हाना निराळी वाट धरली होती. तिच्या गाड्यांत तारेचे दोन थर पुरतात, एक अलीकडे आणि एक पलीकडे, आणि त्यांच्यामधील झीज, वेग, दाब यांवरून गणित मांडून पॅड आणखी किती किलोमीटर चालेल याचा अंदाज चालकाला आधीच सांगतात. दिव्याच्या जागी पुन्हा काट्यासारखे काही आले, म्हणावयाचे. पण हा अंदाजही नवे पॅड बसवल्यावर हाताने पूर्ववत करावा लागतो, आणि ते करण्याची युक्ती शोधणारे लोक त्याच खोबणीपाशी येतात.

ज्या आकड्यापासून हे सर्व निघाले, त्याच्याविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. फोक्सवॅगनच्या गाड्यांत कोणत्याही संचाचे कोडिंग बदलले, की नव्या आकड्याबरोबर तो बदल करणाऱ्या कार्यशाळेचा पाच अंकी क्रमांकही संचाच्या स्मृतीत लिहिला जातो, जसा जुन्या दप्तरांत हुकमाखाली कारकुनाचा शिक्का पडे. दिवा गप्प होतो, आणि त्याला गप्प कोणी केले याची मखलाशी शेजारी राहते. पुढे गाडी विकली गेली, नवा मालक ती घेऊन नीटस कार्यशाळेत गेला आणि तेथील मिस्त्रीने १७ क्रमांकाची कचेरी उघडली, की पहिल्या ओळीत ०६ आणि त्याखाली तो शिक्का दिसतो. हौशी माणसाने घरच्या संगणकावरून काम केलेले असेल तर त्या जागी कित्येकदा नुसती पाच शून्ये असतात.